मलबार किनारा व कोझिकोडे

मलबार किनारा व कोझिकोडे : पश्चिम घाट व अरबी समुद्र यांच्या दरम्यानचा, भारताच्या नैर्ऋत्येकडील अरुंद किनारी प्रदेश मलबार या नावाने ओळखला जातो, संकुचित अर्थाने केरळ राज्याच्या उत्तर भागास ही संज्ञा लावतात. पूर्वेस डोंगराळ भाग, मध्ये जांभ्याच्या टेकड्या व पश्चिमेस वालुकामय सखल पट्टी अशी याची रचना आहे. पाऊस वार्षिक सरासरी सु. ३०० सेंमी. असून तो मुख्यत्वे जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. मिरी, आले, नारळ व सुपारी ही प्रमुख उत्पादने. पालघाट खिंडीमुळे तमिळनाडूशी दळणवळण सुलभ झाले आहे.

कोझिकोडे (कालिकत) हे या किनाऱ्यावरील इतिहासप्रसिद्ध बंदर. येथे सुरक्षित नैसर्गिक बारे नसल्याने जहाजे खुल्या समुद्रात नांगरून माल होड्यांतून उतरवावा लागे. तरीही मध्ययुगात अरब, गुजराती व चिनी व्यापारी येथे येत. याचे श्रेय झामोरिन (सामुतिरी) राजांच्या धोरणास द्यावे लागते. १४४२-४३ मध्ये येथे आलेला इराणी राजदूत अब्द-अर-रझ्झाक याच्या वृत्तांतानुसार, इतर बंदरांत वाऱ्याने भरकटून आलेले जहाज लुटले जाई. येथे मात्र कोठूनही आलेल्या जहाजास समान वागणूक मिळे. विकलेल्या मालावर चाळिसावा हिस्सा जकात असे. न विकलेल्यावर काहीच नसे.

२० मे १४९८ रोजी वास्को द गामा येथे पोहोचला. पुढे मुस्लिम व्यापाऱ्यांना हाकलण्याची पोर्तुगीजांची मागणी झामोरिनने नाकारली. १५०२ मध्ये द गामाने शहरावर तोफा डागल्या आणि पोर्तुगीजांनी प्रतिस्पर्धी कोचीनशी सख्य वाढविले. कुंजाली मरक्कार नाविकांनी झामोरिनच्या वतीने दीर्घकाळ झुंज दिली. मात्र पुढे बेबनाव होऊन झामोरिनने पोर्तुगीजांशी हातमिळवणी केली. १६०० मध्ये चौथा कुंजाली शरण आला व गोव्यात त्याचा शिरच्छेद झाला. यामुळे झामोरिनचे सागरी सामर्थ्य खचले.

१७६६ मध्ये हैदर अलीने मलबार जिंकले. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहाने ते इंग्रजांकडे गेले व १८०० मध्ये मद्रास इलाख्यात समाविष्ट झाले. विसाव्या शतकात कोचीनचे खोल बंदर विकसित झाल्यावर कोझिकोडेचे महत्त्व घटले. १९५६ मध्ये मलबार केरळ राज्यात आले व १९५७ मध्ये कोझिकोडे जिल्हा निर्माण झाला. चलियार नदीच्या मुखावरील बेपूर येथे ‘उरू’ ही लाकडी जहाजे बांधण्याची जुनी परंपरा आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने कोझिकोडेस ‘साहित्य नगरी’ म्हणून मान्यता दिली.