कुत्र्यानं किंवा मुंगसानं कोंबडीला पकडलं, पण ती वाचली. आता काय करायचं?

सकाळी खुराड्याभोवती पिसं विखुरलेली दिसतात. एखादी कोंबडी गायब असते आणि दुसरी कोपऱ्यात अंग चोरून बसलेली असते. गावात किंवा शहराच्या कडेला अंगणात चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्या अनेकांना हे कधी ना कधी बघावं लागतं.

अशा वेळी घरात दोन सल्ले हमखास मिळतात. एक, 'हळद लावा, होईल बरी'. दुसरा, 'आता कापूनच टाका'. पण वरून भयंकर दिसणारी जखम बऱ्याचदा भरून येते आणि वरून ठणठणीत दिसणारी कोंबडी दोन दिवसांनी मरूही शकते. म्हणून पहिल्या काही तासांत काय करायचं, हे माहीत असायला हवं.

हल्ला कुणी केला, हे कसं ओळखायचं?

भटकं कुत्रं पाठ, शेपटी आणि मांडी धरतं, झटके देतं. त्यामुळे कातडी फाटते आणि पिसं लांबपर्यंत पसरतात. मुंगूस दिवसा येतं आणि मान किंवा डोकं पकडतं. मांजर, रानमांजर आणि कांडेचोर यांचे दात बारीक पण खोल रुततात. घार आणि शिक्रा वरून झडप घालतात, त्यामुळे पाठीवर नख्यांच्या खुणा दिसतात. घुशी रात्री पिल्लांना आणि बसलेल्या कोंबडीच्या पायांना चावतात.

हे ओळखणं उपचारासाठीही महत्त्वाचं आहे. मांजराच्या दाताचं छिद्र तांदळाच्या दाण्याएवढं असतं, पण त्यातून तोंडातले जिवाणू थेट आत जातात. ही जखम दिसायला सगळ्यात लहान आणि प्रत्यक्षात सगळ्यात धोकादायक असू शकते.

पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं?

कोंबडीला इतरांपासून लगेच वेगळं करा. रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचतात आणि जखम वाढते.

तिला जुन्या टॉवेलमध्ये सैल गुंडाळा. छाती दाबू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं, श्वास घेताना त्यांच्या छातीचं हाड पुढे सरकावं लागतं. घट्ट धरलं तर कोंबडी गुदमरू शकते.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून पाच ते दहा मिनिटं सलग दाबून धरा. मधे मधे उचलून बघू नका. नख किंवा तुरा फाटला असेल तर कॉर्नफ्लॉवर लावलं तरी रक्त थांबतं. खोल जखमेत मात्र कॉर्नफ्लॉवर, हळद, राख, चुना यातलं काहीही भरू नका. ते आत अडकतं आणि जखम साफ करणं अवघड होतं.

त्यानंतर खोक्यात कोरडं कापड घालून तिला अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. पकडलं गेल्याचा धक्का कोंबडीसाठी जखमेइतकाच घातक असतो. निरोगी कोंबडीच्या शरीराचं तापमान साधारण 41 अंश सेल्सियस असतं. धक्क्यात ते उतरतं. पावसाळ्यात आणि थंडीत खोक्याच्या एकाच बाजूला बल्ब लावा, म्हणजे गरम झालं की तिला दुसरीकडे सरकता येईल. उन्हाळ्यात बल्बची गरज नसते. चोच उघडी ठेवून ती धापा टाकत असेल आणि जागा गरम असेल तर आधी ऊब कमी करा.

जखम कशी धुवायची?

कोंबडी थोडी सावरली की पिसं बाजूला करून पूर्ण अंग तपासा. पंखाखाली, शेपटीखाली आणि मांड्यांच्या आत बघा. जखमेभोवतीची पिसं कात्रीनं कापा, उपटू नका. नवीन येणाऱ्या पिसाच्या देठात रक्त असतं, ते उपटलं तर पुन्हा रक्तस्राव होतो.

एक लिटर पाणी उकळून कोमट करा आणि त्यात 9 ग्रॅम, म्हणजे चहाचा साधारण सपाट दीड चमचा मीठ घाला. सुई नसलेल्या सिरिंजनं या पाण्याची धार सोडून जखम धुवा. मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात मिसळून फिक्या, कोऱ्या चहाच्या रंगाचं करून लावा. स्पिरिट, डेटॉल किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड रोज वापरू नका. त्यानं भरत आलेली कातडीही जळते.

दाताची छिद्रं चिकटपट्टीनं किंवा फेविक्विकसारख्या गमानं बंद करू नका. आत पू साठतो.

जखमेवर माशा बसू देऊ नका. दमट हवेत एका दिवसात अळ्या पडू शकतात. खोक्यावर मच्छरदाणीचा तुकडा टाका आणि दिवसातून दोनदा जखम बघा.

पाणी आणि खाणं

चोच उघडून पाणी ओतणं ही सर्रास होणारी चूक. कोंबडीच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं, त्यामुळे पाणी फुप्फुसात जातं. चोचीच्या कडेला थेंब लावा किंवा चोचीचं टोक वाटीत बुडवा, ती स्वतः पिईल. पहिल्या दिवशी पाकिटावरच्या प्रमाणात केलेलं ओआरएस चालतं. पाणी प्यायला लागली की उकडलेलं अंडं कुस्करून किंवा भिजवलेलं खाद्य द्या.

विष्ठा पूर्ण हिरवी होत असेल तर ती पुरेसं खात नाहीये, असा त्याचा एक अर्थ असतो.

घरातल्या गोळ्या दिल्या तर?

देऊ नका. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांतलं डायक्लोफिनॅक पक्ष्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतं. याच औषधामुळे गिधाडं मोठ्या संख्येनं मेल्यानं भारतानं 2006 मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आणली. बधिर करणारी मलमंही पक्ष्यांना सोसत नाहीत. अँटिबायोटिकचा डोस वजनावर ठरतो, तो पशुवैद्यकांनाच ठरवू द्या.

डॉक्टरांकडे लगेच कधी न्यायचं?

• मांजराचा किंवा कुत्र्याचा दात रुतला असेल
• श्वास घेताना आवाज येत असेल
• कातडीखाली हवा भरून पापडासारखं कुरकुरत असेल, म्हणजे आतली हवेची पिशवी फाटलेली असू शकते
• पाय किंवा पंख लोंबत असेल
• दुसऱ्या दिवशीही ती खात नसेल किंवा जखमेला वास येत असेल

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कोंबड्यांवरही उपचार होतात. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे.

कडकनाथ पाळणाऱ्यांसाठी एक सूचना. तुरा फिका किंवा निळसर पडणं हे धोक्याचं लक्षण मानतात, पण कडकनाथचा तुरा आणि कातडी मुळात काळसर असल्यानं रंगावरून अंदाज येत नाही. तिचा श्वास आणि उभं राहण्याची ताकद बघा.

आतडी बाहेर आली असतील किंवा कणा मोडून दोन्ही पाय निकामी झाले असतील, तर तिला वेदनारहित मरण देण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. तिला तडफडत ठेवण्यात दया नाही.

अशी कोंबडी कापून खाल्ली तर चालते का?

टाळलेलंच बरं. चाव्यातून आणि फाटलेल्या आतड्यातून जिवाणू मांसात पसरतात. औषध सुरू झालं असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस मांस आणि अंडी दोन्ही खाऊ नका.

आणि तुम्हाला ओरखडा आला असेल तर?

कोंबडीला सोडवताना कुत्रं, मांजर किंवा मुंगूस तुम्हाला चावलं, किंवा नुसतं ओरखडलं, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा. कोंबडीनंतर, आधी हे करा.

परत कळपात कधी सोडायची?

जखम कोरडी होऊन त्यावर नवी कातडी आल्यावर. त्याला काही आठवडे लागू शकतात आणि तोवर अंडी बंद राहणं स्वाभाविक आहे. आधी काही दिवस तिला जाळीच्या पलीकडे, इतरांना दिसेल अशी ठेवा. एकदम सोडली तर बाकीच्या तिला परकी समजून मारतात.

दरम्यान खुराडं दुरुस्त करा. एकदा शिकार मिळाली की शिकारी तिथे पुन्हा येतो, बऱ्याचदा दुसऱ्याच रात्री. षटकोनी भोकांची पातळ कोंबडी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा, ती फूटभर जमिनीत गाडा आणि दाराला कडी बसवा. विष किंवा फास लावू नका. मुंगूस, रानमांजर आणि कांडेचोर यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय ते विष आधी शेजारच्या कुत्र्याच्या किंवा तुमच्याच कोंबडीच्या पोटात जाण्याची शक्यता जास्त.