बाळापूरचे स्टेशन पारसला

बाळापूरचा इतिहास सांगताना माणसे किल्ल्यापाशी येऊन थांबतात. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा हा किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याच्या काळात सुरू झाला आणि 1757 मध्ये एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने पूर्ण केला, असे सांगतात. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त नरनाळा सरकारातील परगणा म्हणून बाळापूरची नोंद आहे. ऑगस्ट 1720 मध्ये इथेच निजाम-उल-मुल्कने सय्यद बंधूंचा पुतण्या आलमअलीखान याचा पराभव केला. पुढच्या हैदराबाद राज्याची वाट या लढाईने मोकळी केली.

एवढ्या नावलौकिकाचे गाव मागे का पडले? ‘नवाबी गेली, रया गेली’, हे ठरलेले उत्तर. कुणी त्यापुढे जाऊन गावच्या मुसलमानांच्या आळसावर बोट ठेवतो. या उत्तरांत आगगाडी कुठेच येत नाही.

1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. त्याआधी इथला कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळहून निघालेला मार्ग 1867 मध्ये नागपूरला पोचला. शेगाव, पारस, गायगाव, अकोला असा हा लोहमार्ग बाळापूरच्या उत्तरेकडून निघून गेला. बाळापूरच्या वाट्याला आले सहा मैलांवरचे पारस स्टेशन.

सहा मैल म्हणजे फार नव्हेत, असे कुणी म्हणेल. खामगावही मुख्य मार्गापासून दूरच राहिले होते, आठ मैलांवर. पण खामगावात कापसाचा मोठा बाजार होता. सरकारने जलंब ते खामगाव असा स्वतंत्र फाटा घातला आणि 1870 मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. पुढच्याच वर्षी बडनेऱ्याहून अमरावतीपर्यंत तसाच फाटा झाला. बाळापूरला फाटा मिळाला नाही.

या तुलनेत सारे उत्तर आहे. लोहमार्ग आखणाऱ्यांना किल्ला, जामा मशीद किंवा मिर्झाराजे जयसिंगांची छत्री यांचे काय होय! ते गाठी मोजत होते. जिथे गाठी, तिथे रूळ. जिथे रूळ आले, तिथे जिनिंग-प्रेसिंग, अडते, वखारी, कचेऱ्या आणि मग शाळा-कॉलेजे आली. अकोला जिल्ह्याचे ठाणे म्हणून वाढले, खामगाव पेठ म्हणून. बाळापूर तालुक्याचे गाव राहिले.

पुढे पारसला वीजकेंद्र उभे राहिले, कारण कोळसा रुळांवरूनच येतो. बाळापूरला सडकेने हात दिला. मुंबई-कोलकाता महामार्ग, पूर्वीचा क्रमांक 6 आणि आताचा 53, गावाजवळून जातो. परंतु सडक आली तोवर पेठा इतरत्र स्थिरावल्या होत्या.

उर्दू शाळेत इतिहास शिकवताना हे सांगणे मला गरजेचे वाटते. आपल्या गावाची घसरण आपल्या रक्तातच आहे, असे मुलांनी मानू नये. त्यासाठी 1720 आणि 1757 बरोबर 1867 आणि 1870 ही सालेही त्यांना पाठ असली पाहिजेत. पहिली दोन साले अभिमान देतात, दुसरी दोन समज. आमच्या मुलांना आज समजेची निकड अधिक आहे.