पाण्यावरचा आळ

एखाद्या तलावाला कवीचं नाव दिलेलं ऐकलं की माझ्यासारख्याला उगाचच बरं वाटतं. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहराच्या ईशान्येला असा एक तलाव आहे. लेक सिडनी लॅनियर. चॅटाहूची नदीवर ब्यूफर्ड धरण बांधून तो तयार झाला. लॅनियर (१८४२-१८८१) हे याच राज्यातले कवी. उत्तम बासरी वाजवायचे. या नदीवरची त्यांची एक कविता प्रसिद्ध आहे. तिच्यात नदी स्वतः बोलते. वाटेतली झाडं, वेली, दगड तिला थांब म्हणतात. पण खालची शेतं वाट पाहताहेत म्हणून ती थांबत नाही. पुढे माणसांनी तिला अडवलं आणि अडवलेल्या पाण्याला त्याच कवीचं नाव दिलं!

माझी भाची या तलावालगतच्या फोर्साइथ काउंटीत राहते. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याएवढा मुलूख. तिच्याकडे गेलो असताना एका रविवारी आम्ही तलावावर गेलो. जत्राच होती म्हणा ना. गाडीमागे बोट जोडून माणसं येत होती. कुणी गळ टाकून बसलेलं, कुणी शेगडीवर मांस भाजतंय, पोरं पाण्यात. पाण्याचा पसारा ३८ हजार एकर. वर्षाकाठी कोटीभर लोक इथे येतात. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधल्या नौकानयनाच्या शर्यती याच तलावावर झाल्या. काठावर मोठमोठे बंगले आहेत, पण पाण्याला लागून असलेली जमीन सरकारी. घरमालकाला बोटीसाठी लाकडी धक्का बांधायचा तर लष्कराच्या अभियंता विभागाचा परवाना लागतो.

सामोशांचा डबा उघडता उघडता भाची म्हणाली, "मामू, पोरांना खोल पाण्यात जाऊ देऊ नका. या तळ्याखाली काळ्या लोकांचं अख्खं गाव आहे. सरकारनं ते बुडवलं. तेव्हापासून तळं माणसं ओढतं म्हणतात."

ही गोष्ट तिथे सर्रास सांगितली जाते. तलावात बुडून आणि बोटींच्या अपघातांत माणसं दगावतात हे खरं. त्या गावाचं नाव ऑस्करव्हिल, हेही खरं. मी घरी येऊन वाचायला बसलो. खरी हकिगत भुताच्या गोष्टीहून वाईट निघाली.

१९१० च्या जनगणनेत फोर्साइथ काउंटीत १ हजार ९८ कृष्णवर्णीय होते. शेतकरी, मजूर, काही जण स्वतःच्या जमिनीचे मालक. त्यांची चर्चेस होती. सप्टेंबर १९१२ मध्ये ऑस्करव्हिलजवळ एक गोरी तरुणी जखमी अवस्थेत सापडली आणि पुढे ती मरण पावली. संशयावरून पकडलेल्या रॉब एडवर्ड्स यांना जमावानं कमिंगच्या तुरुंगातून ओढून काढून ठार मारलं. दोन किशोरवयीन मुलांवर फक्त गोऱ्या पंचांसमोर झटपट खटले चालले आणि ऑक्टोबरमध्ये हजारोंच्या गर्दीसमोर त्यांना फाशी दिलं गेलं. मग रात्री घोडेस्वारांच्या टोळ्या फिरू लागल्या. घरं-चर्चेस जाळली, दारांवर गोळ्या झाडल्या. काही आठवड्यांत जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय काउंटी सोडून गेले. कुणी जमीन मातीमोल भावानं विकली, कुणाला तेवढाही वेळ मिळाला नाही. टाकून गेलेल्या जमिनींवर शेजाऱ्यांनी हळूहळू आपली नावं लावली. तिथेच वाढलेल्या पॅट्रिक फिलिप्स या कवीनं २०१६ मध्ये 'ब्लड अ‍ॅट द रूट' या पुस्तकात हे सारं मांडलं.

आता धरणाचं पाहा. कामाला सुरुवात झाली १९५० मध्ये आणि तलाव पूर्ण भरला १९५९ मध्ये. सरकारनं सुमारे ५६ हजार एकर जमीन घेतली, सुमारे ७०० कुटुंबं उठवली, त्यांना पैसे दिले. २० दफनभूमी हलवल्या. म्हणजे पाणी येण्याआधी मेलेल्यांचीसुद्धा सोय झाली. पण ऑस्करव्हिलच्या परिसरातले कृष्णवर्णीय तेव्हा तिथे होतेच कुठे? त्यांना जाऊन चाळीसहून अधिक वर्षं झाली होती. त्यांची शेतं बुडाली तेव्हा ती दुसऱ्यांच्या नावावर होती.

२००७ च्या दुष्काळात तलाव सुमारे २० फूट खाली गेला. काठाची तांबडी माती उघडी पडली. उजनीचं पाणी ओसरल्यावर पळसदेवचं देऊळ वर येतं, तसं तिथेही काही वर आलं. ते होतं मोटारींच्या शर्यतीच्या जुन्या मैदानाचे काँक्रीटचे प्रेक्षक-कट्टे. एका समाजाची घालवून दिलेली माणसं पाणी ओसरल्यावर दिसत नसतात. ती नोंदवह्यांत शोधावी लागतात.

म्हणून मला त्या भुताच्या गोष्टीची भीती वाटते. ती ऐकणाऱ्याला अंगावर काटा येतो आणि तो मोकळा होतो. गाव पाण्यानं गिळलं म्हटलं की शेजाऱ्यांचं नाव घ्यावं लागत नाही. पाणी बिचारं आळ सोसतं.

त्या दहशतीचा वचक पुढे पिढ्यान्‌पिढ्या टिकला. जानेवारी १९८७ मध्ये होझिया विल्यम्स यांनी तिथे बंधुत्वाचा मोर्चा नेला, तर त्यावर दगड-बाटल्या आल्या. आठवड्यानं सुमारे २० हजार माणसं पुन्हा चालून गेली. २०२० च्या जनगणनेत या काउंटीची लोकसंख्या अडीच लाखांवर आहे आणि जवळजवळ पाचवा हिस्सा आशियाई वंशाचा. त्यात आपली मराठी कुटुंबंही आहेत, माझ्या भाचीचं घर आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी तिला म्हटलं, "चल, कमिंगच्या चौकात जाऊ." तिथे १९१२ च्या त्या हत्येची माहिती देणारा फलक २०२१ मध्ये लावलाय. त्या चौकातून ती कित्येकदा गेली होती, फलकापाशी कधी थांबली नव्हती. तिच्या धाकट्यानं तो मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मध्येच थांबून म्हणाला, "अम्मी, मग हे लोक गेले कुठे?"

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसून ती त्याला सांगू लागली. तळ्याचं नाव तिनं एकदाही घेतलं नाही.