लोहाऱ्याचे जंगल आणि यवतमाळची शाळा
जुलै १९३० मध्ये यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी सहकाऱ्यांसह गवत कापून वनकायदा मोडला. त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि अकोल्याच्या तुरुंगात जावे लागले. त्याआधी १० जुलैला पुसदजवळ लोकनायक बापूजी अणे यांनी असेच गवत कापले होते. पुढे दोघांच्या राजकारणाच्या वाटा वेगळ्या झाल्या, त्यांबद्दल मतभेदही राहतील. पण दोघांच्या चरित्रात शाळेला मोठी जागा आहे. अणे १९०४ ते १९०७ या काळात अमरावतीच्या काशीबाई प्रायव्हेट हायस्कूलमध्ये शिक्षक होते. ‘वंदे मातरम्’पायी नागपूरच्या शाळेतून काढलेल्या हेडगेवारांना यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेने घेतले. वऱ्हाडातल्या जंगल सत्याग्रहाचा इतिहास नेत्यांच्या नावाने सांगितला जातो. त्यात शिक्षकांचा वाटा तळटीपेपुरता उरतो, आणि हे मला अन्यायाचे वाटते.

हा वाटा किती होता, याची सर्वांत भक्कम साक्ष सरकारनेच दिली आहे. मे १९०७ च्या रिस्ले परिपत्रकाने विद्यार्थी-शिक्षकांना राजकीय चळवळीपासून दूर ठेवण्यासाठी शाळांना अनुदान, शिष्यवृत्ती आणि मान्यता काढून घेण्याची तंबी दिली. मास्तरांच्या बोलण्याने काही घडतच नसते, तर एवढा खटाटोप कशाला झाला असता? हत्यारही नेमके निवडले होते. मान्यता गेली की प्रमाणपत्राची किंमत गेली, आणि प्रमाणपत्राची किंमत गेली की पालक मुलाला काढून नेणार, हे सरकारला ठाऊक होते. यवतमाळची शाळाही सरकारी दडपणाखाली बंद पडली.

अशा शिक्षकांनी नागरिक घडवले असे म्हटले, तर कोणी म्हणेल, ही देशभक्ती झाली. नागरिकपण म्हणजे नियम पाळणे, आणि इथे तर कायदा मोडला. आक्षेप वजनाचा आहे. पण कायदा कसा मोडला तेही पाहावे. आधी जाहीर करून, दिवसाढवळ्या, कोणावर हात न उगारता. नंतर न्यायाधीशासमोर उभे राहून शिक्षा पत्करली. शिवाय प्रश्न गवताचा, चराईचा, सरपणाचा, म्हणजे गावाच्या सामाईक हक्काचा होता. सार्वजनिक गोष्ट आपली मानणे आणि तिच्यासाठी उघडपणे किंमत मोजणे यालाच मी नागरिकपण म्हणतो. अर्थात अशी माणसे सरकारी शाळांतूनही निघाली, म्हणून सारे श्रेय एका शाळेला देणे चूक ठरेल.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. गरिबाच्या मुलाला वर चढायला गुणांचीच शिडी आहे. ती काढून संस्कार देणे ही चैन झाली. राष्ट्रीय शाळांच्या विद्यार्थ्यांनी ही किंमत खरोखर मोजली, कारण त्यांच्या प्रमाणपत्रावर सरकारी नोकरीचे दार उघडत नव्हते. म्हणूनच शेजारच्या वर्ध्याचा प्रयोग महत्त्वाचा. ऑक्टोबर १९३७ च्या शिक्षण परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने ७ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आखलेल्या, ‘नई तालीम’ म्हणून ओळखल्या गेलेल्या अभ्यासक्रमात नागरिकत्व हे हस्तोद्योग आणि शाळेच्या रोजच्या व्यवहारातून शिकायचे होते. वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्याच्या नई तालीम शाळेत सफाई आणि स्वयंपाकाच्या जबाबदाऱ्या मुलांकडे असत. संडास साफ करणे कोणत्याही जातीचे काम नाही, हा धडा तिथे हातांनी गिरवला गेला. मॅट्रिकच्या ओढीपुढे नई तालीम मागे पडली, हे खरे. पण तो पराभव पद्धतीचा नव्हता, समाजाने लावलेल्या मापाचा होता.

आज २००९ चा शिक्षण हक्क कायदा अभ्यासक्रम संविधानातील मूल्यांशी सुसंगत असावा असे सांगतो. तोच कायदा शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीच्या कामाला लावण्याची मुभाही देतो. सत्याग्रहाच्या त्याच लोहाऱ्याला जनगणनेने शहर म्हणून मोजले तेव्हा कारभार ग्रामपंचायतीचा होता. नंतर ही वस्ती यवतमाळ नगरपरिषदेच्या हद्दीत आली. घरोघर फिरून माणसे मोजणाऱ्या आणि मतदान केंद्रावर दिवसभर बसणाऱ्या शिक्षकाइतके हे स्थित्यंतर जवळून कोण पाहतो? तो अनुभव वर्गात मांडायला वेळापत्रकात एक तास मिळावा, आणि त्या तासाला गुण नसावेत.