पात्राचे कुळ आणि पात्राची वाणी

माणसाची ओळख जन्माने ठरते की कर्तृत्वाने, हा प्रश्न आपल्या परंपरेस नवा नाही. हस्तिनापुरातील रंगमंडपात कर्ण धनुष्य घेऊन उभा राहिला, तेव्हा कृपाचार्यांनी त्याचा नेम पाहूनही कुळ विचारले. महाभारताने त्या प्रश्नाचे उत्तर अनेक पर्वांत विभागून दिले, तरी तो मिटला नाही. हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील एका बैठ्या खेळात नव्याने उभा राहिला, आणि एकविसाव्या शतकात त्या खेळाच्या ध्वनिमुद्रित कथांनी त्यास अनपेक्षित वळण दिले. तो इतिहास येथे मांडण्याचा आमचा विचार आहे. खेळ हा इतिहासाचा विषय होऊ शकतो का, अशी शंका कोणास येईल. परंतु ज्या संस्कृतीच्या महाकाव्यात द्यूताने राज्य जाते, तिच्या वारसांनी ती शंका फार काळ मनात ठेवू नये.

या खेळाची वंशावळ मागे नेली, तर ती आपल्याच दारी येऊन पोचते. भारतातील चतुरंग इराण व अरबस्तानमार्गे युरोपात गेले आणि त्याचे बुद्धिबळ झाले. १७८० मध्ये जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील हेल्विग या गणिताच्या अध्यापकाने बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर नद्या, डोंगर आणि तोफखाना आणला. पुढे प्रशियातील राइसविट्झ या पितापुत्रांनी त्या कल्पनेस लष्करी शिक्षणाचे रूप दिले. पित्याने आपला खेळ १८१२ मध्ये राजासमोर मांडला. पुत्राने १८२४ मध्ये त्याचे सुधारलेले नियम छापले. या युद्धखेळात दोन गोष्टी नव्या होत्या. एक, लढाईतील अनिश्चितता फाशांनी ठरवली जाई. दुसरी, दोन्ही पक्षांच्या मध्ये एक निर्णायक बसे. मात्र पटावरचे प्यादे प्यादेच राहिले. त्यास नाव नव्हते, आईबाप नव्हते, कालची आठवण नव्हती. शेकडो सैनिकांचा तो एक ठोकळा होता.

ठोकळ्याचा माणूस झाला तो १९६९ मध्ये. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेसली या तरुणाने नेपोलियनच्या काळातील ‘ब्राउनस्टाइन’ नावाचे एक काल्पनिक जर्मन गाव कल्पिले आणि प्रत्येक खेळाडूस सैन्याऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका दिली. खेळाडू एकमेकांशी त्या त्या व्यक्तीच्या नात्याने बोलू लागले आणि लढाई बाजूलाच राहिली. वेसलीच्या मंडळातील डेव्ह आर्नेसन याने हीच रीत ‘ब्लॅकमूर’ नावाच्या अद्भुत राज्यात नेली. विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनेव्हा या गावी राहणाऱ्या गॅरी गायगॅक्स याने १९७१ मध्ये मध्ययुगीन लढायांचे नियम प्रसिद्ध केले होते. या दोघांच्या सहकार्यातून १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या एक हजार होत्या.

हा खेळ कसा चालतो, ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. चार-सहा माणसे टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक सूत्रधार असतो. तो प्रसंग वर्णन करून सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि आपले पात्र काय करते, काय बोलते, ते सांगतात. कृत्य साधले की फसले, हे पुष्कळदा फासा ठरवतो. प्रत्येक पात्राचे एक टिपण असते. १९७४ च्या नियमांनुसार बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि छाप हे सहा गुण तीन-तीन फाशांच्या बेरजेने, म्हणजे ३ ते १८ या मर्यादेत ठरत. त्याखाली पात्राचा वंश आणि पेशा लिहिला जाई. फाशांनी पडलेली ही एक जन्मपत्रिकाच होती.

या पत्रिकेतील वंशाचा रकाना आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटतो. माणसांखेरीज युरोपीय लोककथांतील, आणि टॉल्किनच्या कादंबऱ्यांनी लोकप्रिय केलेले, एल्फ व ड्वार्फ असे वंश त्यात होते. एल्फ म्हणजे दीर्घायुषी, वनात रमणारे. ड्वार्फ म्हणजे ठेंगणे, खाणीत राबणारे. मूळ नियमांत ड्वार्फास केवळ योद्धा होता येई, आणि तोही सहाव्या पायरीपर्यंतच. एल्फास योद्धा म्हणून चौथ्या व जादूगार म्हणून आठव्या पायरीपलीकडे जाता येत नसे. माणसास अशी मर्यादा नव्हती. म्हणजे कितीही पराक्रम केला, तरी कुळाने आखलेली रेषा ओलांडता येत नव्हती. खेळ समतोल राहावा आणि माणसांचे पात्र घेणे किफायतशीर ठरावे, हा हेतू त्यामागे होता. परंतु हेतू कोणताही असो, ज्या समाजास जन्मसिद्ध अधिकाराची व्यवस्था ठाऊक आहे, त्यास हे नियम ओळखीचे वाटल्याशिवाय राहणार नाहीत.

ही रेषा पुसायला पन्नास वर्षे लागली. २००० मधील तिसऱ्या आवृत्तीने पायऱ्यांची मर्यादा काढून टाकली. तरीही वंशानुसार गुणांत ठरावीक भर पडे; एल्फ झालात की चपळाई आपोआप वाढे. २०२० मध्ये आलेल्या एका पूरक ग्रंथाने ही भर खेळाडूस हव्या त्या गुणाकडे वळवण्याची मुभा दिली. अखेर २०२४ च्या सुधारित नियमग्रंथाने ‘वंश’ हा शब्दच सोडून ‘प्रजाती’ हा शब्द स्वीकारला, आणि गुणांतील भर जन्माऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याशी, म्हणजे त्याच्या शिक्षणाशी व उद्योगाशी जोडली. नियमग्रंथांतील हा प्रवास आपण पाहिला. परंतु नियम बदलण्यापूर्वीच पात्रे पत्रिकेबाहेर पडू लागली होती, आणि त्या कामी ध्वनिमुद्रित कथांचा वाटा मोठा आहे.

बैठकीत घडलेली कथा इतरांपर्यंत पोचवण्याची हौस जुनीच. जपानमध्ये १९८६ पासून एका संगणकविषयक मासिकात अशा खेळाचे संवादरूप वृत्तांत क्रमशः छापले गेले, आणि त्यांतूनच र्यो मिझुनो यांची ‘रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर’ ही कादंबरीमाला उभी राहिली. पुढे आंतरजालावरून ध्वनिफिती वाटण्याची सोय झाली. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ च्या फेब्रुवारीत ‘गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्रातील एका लेखात प्रथम सुचवला गेला. त्यानंतर चारच वर्षांत, २००८ मध्ये, या खेळाच्या प्रकाशकांनीच आपल्या खेळाचे पॉडकास्ट प्रसृत केले. २०१४ नंतर या प्रकारास भरती आली.

आपल्याकडील दशावतारी नाटकाशी याची तुलना सहज सुचते. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या पेडणे भागात रात्रभर चालणाऱ्या या नाटकाची लिखित संहिता नसते. आख्यान आधी ठरते, पण संवाद नट उभ्या उभ्या रचतात. भूमिका-खेळाचा नटही असाच उत्स्फूर्त बोलतो. भेद असा की दशावतारात शेवट सर्वांस ठाऊक असतो. तेथे दैत्य मरणारच. येथे वीस बाजूंच्या फाशावर एक पडला, तर नायकही मरू शकतो. आणि दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. दशावताराचे बोलणे उजाडताच हवेत विरते. पॉडकास्टचे बोलणे टिकते.

टिकलेल्या बोलण्याने पात्राच्या घडणीचे स्वरूपच पालटते, असे आमचे मत आहे. कादंबरीकार बारावे प्रकरण लिहिताना पहिल्या प्रकरणात मागे जाऊन फेरफार करू शकतो. पॉडकास्टच्या खेळाडूस ती सवलत नाही. पहिल्या भागात थट्टेने जे बोलून गेले, ते हजारोंनी ऐकलेले असते. ते खोडता येत नाही. त्यास पुढे अर्थ द्यावा लागतो. आपणही आयुष्यात हेच करतो. बोललेला शब्द परत घेता येत नाही, पण त्या शब्दास शोभेल किंवा त्याचे परिमार्जन करील, असे पुढचे वागणे आपल्या हाती असते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे वेस्ट व्हर्जिनियातील मॅकेलरॉय कुटुंबाचे ‘दि ॲडव्हेंचर झोन’. तिघे भाऊ आणि त्यांचे वडील यांनी २०१४ मध्ये, नवशिक्यांसाठी बाजारात आलेला तयार संच घेऊन, हसत-खिदळत हा खेळ सुरू केला. त्यांतील थोरल्या भावाचे, जस्टिनचे, पात्र एल्फ जादूगार; त्याचे नाव ‘ताको’, आणि हे नाव म्हणजे मेक्सिकन खाद्यपदार्थावरची एक फुटकळ कोटी. परंतु कथा लांबत गेली, ६९ भागांची झाली, आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये संपली तेव्हा श्रोते त्याच ताकोसाठी रडले होते.

हे कसे घडले, ते पाहण्यासारखे आहे. उत्तरार्धात उलगडते, की तिघा नायकांची शंभर वर्षांची स्मृती त्यांच्याच एका सहकारी स्त्रीने पुसून टाकली आहे. त्या काळात त्यांनी निर्माण केलेल्या वस्तूंनी या जगात युद्धे पेटवली. त्या अपराधाच्या भाराखाली ते मोडून पडू नयेत, म्हणून तिने हे केले. परंतु त्या पुसण्यात ताकोची जुळी बहीण लूप हिची आठवणही गेली. पहिल्याच मोहिमेत एका सांगाड्याच्या हातातून घेतलेली जादूची छत्री तो तेव्हापासून वागवत होता. बहीण त्याच छत्रीत अडकलेली होती. स्मृती परत येताच त्याचा क्रोध उसळतो, आणि छत्री मोडून तो तिला सोडवतो. जन्मटिपणात लिहिलेले एल्फपण या प्रसंगी कोणाच्या ध्यानीही येत नाही. तो कोण, याचे उत्तर एकच उरते: ज्याची बहीण विस्मृतीत गेली होती, तो भाऊ.

श्रोत्यांचा सहभाग हाही या इतिहासाचा भाग आहे. याच कथेत एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोन स्त्रियांचा अंत दाखवला गेला, तेव्हा अनेक श्रोत्यांनी आक्षेप घेतला, की कथांतून समलिंगी प्रेमिकांच्या वाट्यास नेहमी मरणच का यावे? घडलेला प्रसंग पुसला गेला नाही. पण शेवटच्या भागांत त्या दोघी वृक्षदेवतांच्या रूपाने परतल्या. दुसरा वाद रंगाचा. आवाजास कातडीचा रंग नसतो. प्रत्येक श्रोत्याने आपापला ताको कल्पिला होता. कित्येकांच्या मनातला ताको सावळा होता. पुढे या कथेचे चित्रमय पुस्तक निघायचे ठरले, तेव्हा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक चित्रांवरून मोठी चर्चा झाली. पुस्तक २०१८ मध्ये आले. कानांनी जे अनेकांचे राहू दिले होते, ते डोळ्यांनी एका क्षणात कोणा एकाचे केले, एवढे यातून कळते.

कुळाचा प्रश्न सर्वाधिक उघडपणे मांडला तो ‘क्रिटिकल रोल’ने. कॅलिफोर्नियातील व्यावसायिक आवाज-कलावंतांचा हा मित्रमेळा. मॅथ्यू मर्सर त्यांचा सूत्रधार. २०१२ मध्ये एका मित्राच्या वाढदिवसानिमित्त सुरू झालेला त्यांचा घरगुती खेळ मार्च २०१५ पासून थेट प्रसारित होऊ लागला आणि पुढे पॉडकास्टच्या रूपातही आला. त्यातील वॅक्स आणि वेक्स ही जुळी भावंडे अर्ध-एल्फ आहेत: आई मनुष्य, बाप एल्फ नगरीतला प्रतिष्ठित. बापाच्या नगरीत त्यांना घर मिळते, मान मिळत नाही. तेव्हाच्या नियमग्रंथात ‘अर्ध-एल्फ’ म्हणजे गुणांतली थोडी भर होती. या दोघांच्या तोंडी मात्र तो शब्द जखम होतो. बहीण मरते तेव्हा मृत्यूच्या देवतेस भाऊ स्वतःचे जीवन देऊ करतो. तो करार आवेशात उच्चारलेला होता, पण उच्चारलेला होता. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये, ११५ व्या भागात कथा संपली, तेव्हा देवतेने तो वसूल केला.

या यशाची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. २०१९ मध्ये या मंडळींनी एका लहान चलच्चित्रासाठी साडेसात लाख डॉलर लोकवर्गणीने मागितले. जमले १ कोटी १३ लाखांहून अधिक. जेथे एवढा पैसा येतो, तेथे पात्र हे व्यापारी चिन्ह होण्याचा धोका येतोच. लोकप्रिय पात्रास मरू देणे अवघड होते, आणि मरण्याची भीती गेली की फाशाचा अर्थही जातो. शिवाय घरी खेळणाऱ्या सामान्य खेळाडूंस आपला खेळ या कसलेल्या नटांपुढे फिका वाटू लागतो, ही तक्रार पुष्कळ ऐकू येते. ती खोटी नाही.

तरीही या पन्नास वर्षांच्या इतिहासातून हाती येणारा निष्कर्ष आम्हांस मोलाचा वाटतो. ठोकळ्यास नाव मिळाले, नावास कुळ मिळाले, कुळाने मर्यादा घातली. ती मर्यादा कोणत्याही बंडाने मोडली नाही. माणसे आठवड्यामागून आठवडे एकत्र बसून बोलत राहिली, बोललेले लक्षात ठेवत गेली, आणि त्या स्मृतीपुढे कुळाचा रकाना लहान होत गेला. नियमग्रंथाने २०२४ मध्ये जे छापले, ते श्रोत्यांना त्याआधीच कळले होते. कृपाचार्यांच्या प्रश्नाने कर्णाची मान खाली गेली होती. या टेबलाभोवती तोच प्रश्न विचारला गेला, तर पात्रास निदान एवढे तरी म्हणता येते: माझे बोलणे आधी ऐका.