लो पॉवर, हाय पॉवर आणि दोनशे वर्षांचा गोंधळ

एमएस्सीच्या पहिल्या वर्षी मी एक उद्योग केला होता. ४०एक्सच्या वस्तुभिंगाखाली पेशी हव्या तशा दिसेनात, म्हणून १०एक्सचं नेत्रभिंग काढून २०एक्सचं लावलं. प्रतिमा दुप्पट मोठी झाली, पण नवीन काहीच दिसलं नाही. उलट सगळं धूसर! हे असं का झालं, ते मला इतिहास वाचताना कळलं. तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर आधीच माहीत असलेलं बरं.

१६६५ मध्ये रॉबर्ट हूक यांचं ‘मायक्रोग्राफिया’ आलं. बुचाच्या पातळ कापातल्या कप्प्यांना त्यांनी ‘सेल’ म्हटलं. त्यांचा सूक्ष्मदर्शक जोडभिंगांचा होता, वर्धन साधारण ५० पट. पुढे डेल्फ्टचे कापडव्यापारी लेव्हेनहुक मात्र एकाच इवल्याशा भिंगातून बघत होते. त्यांचं आज टिकून असलेलं एक उपकरण वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवतं. १६७६ मध्ये त्यांनी पाण्यातल्या सूक्ष्म जीवांबद्दल रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं आणि १६७७ मध्ये खुद्द हूक यांनी त्याची खातरजमा केली.

मग जास्त भिंगं असूनही हूक मागे का पडले? जोडभिंगात पहिलं भिंग प्रतिमा तयार करतं आणि पुढचं ती मोठी करतं. पहिल्या प्रतिमेत रंगीत कडा, धूसरपणा असेल तर तोही मोठा होतो. या दोषांवर चांगला तोडगा यायला १८३० साल उजाडलं. तो दिला जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी, जे पेशाने वाइनचे व्यापारी होते!

तरीही प्रश्न उरलाच: वर्धन वाढवत नेलं तर दिसणारे बारकावेही वाढतच जातील का? १८७३ मध्ये येना इथे अर्न्स्ट आबे यांनी उत्तर दिलं: नाही. दोन जवळचे ठिपके वेगळे दिसणं म्हणजे विभेदन. त्याची मर्यादा ढोबळमानाने प्रकाशाच्या तरंगलांबीला न्यूमेरिकल अपर्चरच्या (एनए) दुपटीने भागून मिळते. हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटरचा धरा. १०एक्स वस्तुभिंगाचा एनए सहसा ०.२५ असतो, म्हणजे मर्यादा १.१ मायक्रोमीटर. ४०एक्सचा ०.६५, म्हणजे सुमारे ०.४२. तेलाच्या १००एक्सचा १.२५, म्हणजे ०.२२.

आता माझी चूक बघा. उपयोगी वर्धन एनएच्या जास्तीत जास्त हजारपट मानतात. ०.६५ साठी ते झालं ६५०. मी गेले होते ८०० वर! नेत्रभिंग बदललं, पण एनए तोच राहिला. याला पोकळ वर्धन म्हणतात.

म्हणून लो पॉवरला कमी लेखू नका. तिथे क्षेत्र मोठं दिसतं, भिंग आणि स्लाइडमध्ये अंतर जास्त असतं, नमुना पटकन सापडतो. आधी तिथे फोकस करा, हवा तो भाग मधोमध आणा, मगच हाय पॉवरला जा आणि तिथे फक्त बारीक स्क्रू फिरवा.

आणि प्रबंधात चित्राखाली नुसतं ‘४०० पट’ लिहू नका. छापताना चित्र लहानमोठं झालं की तो आकडा खोटा ठरतो. चित्रावर स्केल बार द्या आणि पद्धतीच्या प्रकरणात वस्तुभिंगाचा एनए नोंदवा. तो आकडा भिंगावरच कोरलेला असतो. उद्या प्रयोगशाळेत गेलात की आधी तो वाचा.