टीव्हीतले चौकोन आणि नासिर अहमद

वर्गात मुस्लिम शास्त्रज्ञांचा विषय निघाला की अल-ख्वारिझ्मी, इब्न अल-हैसम, इब्न सीना ही नावं मी अभिमानाने सांगतो. एकदा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, हे सगळे हजार वर्षांपूर्वीचेच का? टीव्ही-मोबाईलच्या काळातलं आपल्यातलं कोणीच नाही?" मला उत्तर देता आलं नाही. ते शोधताना सापडलेली ही गोष्ट.

पूर्वी सिग्नल गेला की पडद्यावर मुंग्या यायच्या. आता विट्यात जोराचा पाऊस आला की डिशचं चित्र चौकोनांत फुटतं. त्या चौकोनांतच उत्तर होतं.

एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे पावणेएकवीस लाख ठिपके असतात. सेकंदाला अशी २५ चित्रं. ती जशीच्या तशी पाठवायची तर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट लागतात. उपग्रहाच्या एका ट्रान्सपॉन्डरमधून मात्र साधारण ४ कोटीच बिट जातात. थोडक्यात, तीस ट्रान्सपॉन्डर अडवले तरच एक वाहिनी दिसेल.

हा तिढा सुटला त्याच्या मुळाशी नासिर अहमद आहेत. जन्म १९४०, बंगळुरू. तिथेच अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले आणि कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवू लागले. १९७२ मध्ये त्यांनी एका गणिती कल्पनेसाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला. तो नाकारला गेला. तरी त्यांनी काम सोडलं नाही. जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला: 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म'.

आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत, म्हणून विटेकरांना हे लवकर कळेल. सोनं आधी वितळवावं लागतं, मग हीण वेगळं होतं. हे गणित चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन 'वितळवतं'. ६४ ठिपक्यांचे ६४ आकडे होतात, पण चित्राचा बहुतेक ऐवज त्यातल्या मोजक्याच आकड्यांत गोळा होतो. बाकीचे, डोळ्याला फारसे न जाणवणारे बारकावे पुढच्या पायरीत ढोबळ करतात किंवा टाकून देतात. शिवाय आधीच्या चित्रापेक्षा जेवढं बदललं तेवढंच पाठवतात.

१९९० च्या दशकातलं जेपीईजी आणि एमपेग-२ याच पायावर उभं राहिलं. २००३ च्या एच.२६४ मध्ये याच गणिताचं सुटसुटीत रूप वापरलं. त्यामुळे एचडी वाहिनी कोटीभर बिटांत मावू लागली. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धा दूरदर्शनने एचडीत दाखवल्या. आपण पाहणारे खेळाडूंची नावं घेत होतो. चित्र घरापर्यंत आणणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक होतं?

यात एक पथ्य पाळायला हवं. त्या निबंधावर नासिर, नटराजन, राव अशी तीन नावं आहेत. त्यातलं एकच उचलून 'आपलं' म्हणणं बेइमानी ठरेल. पण ते एक नाव आपल्या मुलांपर्यंत पोहोचतच नाही, हेही तितकंच खरं. आपण त्यांना सुवर्णकाळ सांगतो आणि नकळत शिकवतो की तो संपला.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर तिन्ही नावं लिहिली. खाली लिहिलं: १९७२, निधी नाकारला. १९७४, निबंध छापला. मुलीने वहीत आधी हे दोन आकडेच उतरवून घेतले.